धुळ्याला नेलेला संघ

जळगावातली मराठी कन्याशाळा आणि उर्दू कन्याशाळा समोरासमोर होत्या आणि दोघींच्या मधे एकच मैदान होतं. दोन्ही शाळा एकाच शिक्षण मंडळाच्या. तीन वर्षांपूर्वी मिरवणुकीतल्या वाजंत्रीवरून दोन मोहल्ल्यांत बाचाबाची झाली, चार डोकी फुटली, आणि पुढच्याच आठवड्यात मंडळाने मैदानाच्या बरोबर मधून काटेरी तार ओढली. भांडण मोठ्या माणसांचं, कुंपण मात्र पोरींच्या मैदानात.

मराठी शाळेच्या ड्रिलच्या शिक्षिका वच्छलाबाई यांना त्या तारेचा राग यायचा तो अगदी साध्या कारणाने. खो-खोला खांबापासून खांबापर्यंत तीस पावलं लागतात, शिवाय पळायला चहूकडे मोकळी जागा लागते. तार आल्यापासून कुठल्याच बाजूला पुरं मैदान आखता येत नव्हतं. वच्छलाबाई मूळच्या जामनेरच्या. विसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, पण भाऊ खंबीर निघाला. त्याने बहिणीला अमरावतीला पाठवून व्यायामाचं शिक्षण दिलं. आता त्यांची पस्तिशी उलटली होती. नऊवारीचा काचा मारून, गळ्यात शिट्टी अडकवून त्या मैदानात उतरल्या की बोलता बोलता मुलींच्या रांगा सरळ व्हायच्या. दर वर्षी नाताळच्या सुट्टीत धुळ्याला कन्याशाळांचे सामने भरायचे, आणि दर वर्षी बाईंचा संघ पहिल्याच फेरीत गारद होऊन परत यायचा. आखूड मैदानात शिकलेल्या मुलींना तिथलं लांब मैदान झेपत नसे.

चोपन्न सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत बाई तारेपाशी उभ्या होत्या. पलीकडे उर्दू शाळेच्या मुली पकडापकडी खेळत होत्या. त्यांतली एक उंच, काटकुळी पोर पळता पळता अंग असं काही मोडायची, की मागच्या दोघी एकमेकींवर आदळायच्या. बाईंनी नाव विचारून घेतलं. कुलसुम, कय्युम पिंजाऱ्याची मुलगी, सातवीत होती. शाळा सुटल्यावर बाई रस्त्याने वळसा घालून थेट उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका जुबेदाबाई यांच्या खोलीत गेल्या.

"तुमची ती उंच मुलगी मला द्या," खुर्चीवर बसायच्या आधीच त्या म्हणाल्या.

जुबेदाबाई वयाने मोठ्या, पान खाणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या. "मागणी घालायला आलात की काय?"

"संघात द्या म्हणते. आणखी तीन-चार द्या. मैदान दोघींकडे अर्धं-अर्धं आहे. तार काढली तर पुरं होईल."

जुबेदाबाईंनी पानाचा डबा मिटला. "वच्छलाबाई, खरं सांगा. तुम्ही दोस्ती करायला आलात की सामना जिंकायला?"

"सामना जिंकायला."

"मग जमेल. दोस्तीवाले दर वर्षी येतात आणि पेढे खाऊन जातात."

मंडळाचे सभापती रतिलालशेठ यांच्याकडून परवानगी मिळायला खूप खेटे घालावे लागतील असं दोघींना वाटलं होतं. शेठजींनी पाच मिनिटांत होकार दिला. "वा! एकीचा संघ! फोटो काढून घेऊ, वर्तमानपत्रात देऊ," असं म्हणत ते खूश झाले. फक्त अटी घातल्या. पाच मुली आपल्या, चार त्यांच्या. कर्णधार आपली. आणि तार तोडायची नाही, चार खांब उपटून गुंडाळून ठेवायची, म्हणजे पुन्हा लावता येईल.

"ज्या पळतात त्या घ्यायच्या, शेठजी. पाच-चार कसलं?"

"घ्या की, पळणाऱ्याच घ्या. पण पाच-चारच घ्या," शेठजी हसत म्हणाले. बाईंना तो होकार तेव्हाच खटकायला हवा होता. पण मैदान मिळतंय या आनंदात त्या गप्प बसल्या.

मग पालकांच्या दारी चकरा सुरू झाल्या. एका घरी विचारलं, पोरी पाणी कुठं पितील? दुसऱ्या घरी विचारलं, पोरींचे पाय उघडे पडतील का? चारही मुसलमान मुलींच्या घरून सलवारीशिवाय खेळू देणार नाही असा निरोप आला. आणि सामन्यात तर सगळ्या संघाचा पोशाख सारखा लागतो. सगळ्यांनी सलवार घालावी म्हटलं तर मराठी मुलींच्या आया चवताळल्या. शेवटी बाईंनी शिंप्याकडून पांढऱ्या मांजरपाटाच्या नऊ विजारी शिवून घेतल्या. एकीकडे सांगितलं, ही सलवार आहे. दुसरीकडे सांगितलं, हा सेवादलातला लेंगा आहे. शिंपी कापड मापत गालातल्या गालात हसत होता. बाईंना मात्र हसू येत नव्हतं. आठ दिवस त्यात गेले होते.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला. खो-खोत आठ जणी ओळीने बसतात आणि पाठलाग करणारीने बसलेलीच्या पाठीला हात लावूनच खो द्यायचा असतो. हात लागला नाही तर फाउल. मराठी मुली कुलसुमच्या पाठीपर्यंत जायच्या, हात वीतभर अलीकडे थांबायचा आणि तोंडाने नुसतं "खो!" ओरडायच्या. उलट बाजूनेही तेच. बाई शिट्टी फुंकून फुंकून घामाघूम झाल्या. एका तासात बावीस फाउल.

"पाठीला काटे आहेत का तिच्या?" त्या ओरडल्या. "हात लावा! जोरात लावा!"

शेवंता तेव्हा पाठलागावर होती. असोद्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी शाळेसाठी जळगावात मामाकडे राहायची. अंगाने भक्कम, बोलायला फटकळ. बाईंच्या ओरडण्याने ती भडकली आणि पुढच्या फेरीला तिने कुलसुमच्या पाठीत असा दणका घातला, की ती पोर तोंडावर मातीत पडली.  कुलसुम उठली, तोंडातली माती थुंकली, ओठ पुसले.  पुढचा खो तिने शेवंताला दिला तेव्हा त्याचा आवाज शाळेच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

"मारते काहून वं?" शेवंता पाठ चोळत ओरडली.

"तूने दिया, मैंने लौटाया," कुलसुम म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या.

त्यानंतर फाउल कमी झाले. दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या, आणि मैदानात नऊ जणी धावू लागल्या. शेवंता डावीकडे हुलकावणी देऊन उजवीकडे निसटायची. हे आख्ख्या संघात फक्त कुलसुमला ओळखता यायचं. तिने शेवंताला सरावात इतक्या वेळा बाद केलं होतं, की शेवंता चिडून म्हणायची, "तुले माह्या पायाची भाषा कळती!" मुलींनी घरून अलग आणलेले पाण्याचे पेले केव्हा बंद झाले ते बाईंच्या लक्षातही आलं नाही. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सात मिनिटांच्या डावात हा संघ समोरच्या सातेक जणी बाद करील, असा त्यांचा हिशेब होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धुळ्याला जायची घाई झाली.

एस. टी.ने एरंडोल, पारोळा करत संघ धुळ्याला पोचला. जुबेदाबाईही बरोबर होत्या. नाव नोंदवायला बाई मंडपात गेल्या, तर टेबलामागच्या स्वयंसेवकाने वही पाहिली आणि मान हलवली. "बाई, बठ्ठा नावे लिखाई गयात, पन तुमना संघ यामा नही शे."

"नाही कसा? मला पत्र आलंय!"

संयोजक झुलालराव धावत आले. गोल, घामेजलेला, सगळ्यांना खूश ठेवणारा माणूस. बाईंनी त्यांचंच ऑक्टोबरातलं पत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, मंडळाची संमती असल्यास हरकत नाही. झुलालरावांनी ते पत्र असं वाचलं, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे.

"बाई, एका शाळेने हरकत घेतली. नियम असा की एका शाळेचा एक संघ. तुमचा संघ दोन शाळांचा."

"हे मला दहा आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं."

"पण काळजी करू नका," झुलालराव उत्साहाने म्हणाले, "तुमच्या मुलींना आम्ही रिकामं बसवणार नाही. उद्घाटनाला पाहुण्यांसमोर खास सामना ठेवलाय. एकता सामना! एकीकडे मराठी शाळेच्या मुली, एकीकडे उर्दू शाळेच्या. कमी पडतील त्या आमच्या धुळ्याच्या मुली घेऊ."

वच्छलाबाईंना क्षणभर कळेना की हा माणूस थट्टा करतोय की काय. "म्हणजे माझ्या मुलींना तुम्ही दोन बाजूंना उभं करणार? एकमेकींवर सोडणार? आणि त्याला एकता म्हणणार?"

"सामना म्हटला की दोन बाजू येतातच, बाई."

"दहा आठवडे मी त्यांना एका बाजूला बसायला शिकवलं! खेळात खो मिळाला की बसलेली उठून धावते, झुलालराव. तुम्ही खो घालताय तो धावणारीला खाली बसवणारा!"

तेवढ्यात मंडपात रतिलालशेठ आले. बरोबर फोटोवाला होता. शेठजींच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता, आणि मग बाईंच्या ध्यानात आलं. शेठजींना हे ठाऊक होतं. झुलालरावांनी कबूल केलं, पंधरा दिवसांपूर्वीच त्यांना कळवलं होतं. शेठजींनीच एकता सामन्याला होकार दिला होता.

"मी मुली खेळवणार नाही," बाई म्हणाल्या.

"वच्छलाबाई," शेठजी हळू आवाजात म्हणाले, "संघ मंडळाचा आहे. मुली मंडळाच्या. मैदानही मंडळाचंच. पाहुणे येऊन बसलेत. तुम्हाला पुढच्या वर्षी तार निघालेली हवी आहे ना?"

बाईंनी जुबेदाबाईंकडे पाहिलं. जुबेदाबाई थकल्यासारख्या बाकावर बसल्या होत्या. "आता नाही म्हटलं," त्या म्हणाल्या, "तर सगळे म्हणतील, उर्दू शाळा घाबरली. खेळू द्या. एवढंच आपल्या हातात उरलंय."

आणि बाईंनी मान्य केलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना आपल्या त्या होकाराची चीड येत राहिली.

नऊ पांढऱ्या विजारी दोन्हीकडे वाटल्या गेल्या. पाहुण्यांचं भाषण झालं. सामना सुरू झाला तेव्हा पहिली दोन मिनिटं लोक नुसत्या टाळ्या वाजवत होते. मग मैदानाभोवतीच्या दोरीच्या एका बाजूने कुणीतरी घोषणा दिली. दुसऱ्या बाजूने दुसरी घोषणा आली. कुणालाही पोरींची नावं माहीत नव्हती, त्यामुळे ते धर्माच्या नावाने ओरडू लागले. "मार त्यांना! दाखव त्यांना!" माणसं दोरीपाशी दाटली. बाई कडेने धावत ओरडत होत्या, "मागे व्हा! मुली आहेत त्या! मागे सरका!" त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना.

कुलसुम पाठलागावर आली. समोर शेवंता होती. शेवंता डावीकडे झुकली. बाईंना ठाऊक होतं, आता ती उजवीकडे निसटणार आणि कुलसुमचा हात तिथे आधीच असणार. सरावात पन्नास वेळा असंच झालं होतं. कुलसुमचा हात गेलाही. पण ती एक पाऊल अडखळल्यासारखी थांबली, बोटं शेवंताच्या खांद्याच्या चार अंगुळं मागे हवेत राहिली, आणि शेवंता सुटली. एका बाजूने आरोळी उठली, दुसऱ्या बाजूने शिव्या. कुणीतरी पायातली चप्पल भिरकावली. ती रिकाम्या जागी पडली, पण तेवढ्याने धक्काबुक्की सुरू झाली. पोलीस आत आले, पंचांनी लांब शिट्टी मारली आणि सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. फोटोवाल्याने घाईघाईने दोन्ही कर्णधारांना हात धरायला लावून फोटो काढला.

परतीच्या गाडीत मुली दोन बाजूंना बसल्या. कुणी बसवलं नव्हतं. पारोळा मागे पडलं. मग शेवंता एकदम उठून कुलसुमसमोर उभी राहिली.

"तू मले सोडलं."

"पाँव फिसला."

"खोटं नको बोलू. मले भीक घातली तू. सगळ्या लोकायसमोर!"

कुलसुम खिडकीबाहेर पाहत राहिली. शेवंता दांडी धरून तिथेच उभी राहिली, अन्‌ मग जागेवर जाऊन बसली.  

जानेवारीत शाळा उघडली तेव्हा मैदानात तार परत लागली होती. मंडळाने धुळ्याच्या दौऱ्याचा अहवाल मागवला. बाईंनी घडलं ते लिहिलं. 'योग्य शब्दांत लिहावा' असा शेरा मारून तो परत आला. त्यांनी पुन्हा तेच, जास्त खणखणीत शब्दांत लिहिलं. तोही परत आला. शेवटी कारकुनाने स्वतःच लिहून पाठवला की एकता सामना उत्साहात पार पडला.

मग बाईंनी सामन्यांची नियमावली मागवून अथपासून इतिपर्यंत वाचून काढली. तिच्यात एक फट सापडली. खुल्या गटात क्रीडा मंडळांचे संघ येऊ शकत होते. त्याला शाळेची गरज नव्हती, फक्त नऊच्या नऊ मुलींच्या पालकांच्या सह्या हव्या होत्या. बाईंनी कागद तयार केला आणि जुबेदाबाईंबरोबर दारोदार फिरल्या. महिनाभरात सात सह्या झाल्या. राहिले दोघं, शेवंताचा मामा आणि कय्युमभाई. मामाने तर दारातूनच सांगितलं, "पुन्हा त्या पोरीचं नाव आमच्या घरात काढू नका."

कय्युमभाई ओट्यावर कापूस पिंजत होते. केसांत, भुवयांत, दाढीत कापसाचे पुंजके. त्यांनी बाईंना बसायला पाट दिला, कागद नीट ऐकून घेतला आणि पिंजण बाजूला ठेवलं.

"बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण एक सांगा. धुळ्यात लोक माझ्या मुलीला काय म्हणून ओरडत होते? तिचं नाव घेत होते का?"

"नाही."

"तुम्हाला थांबवता आलं?"

"नाही आलं."

"मग मी सही कशावर करू?"

 बाई कागदाची घडी करत उठल्या तेव्हा आतून कुलसुम दारापर्यंत आली. धुळ्याहून आल्यापासून तिला शाळेत पाठवलं नव्हतं. "बाई, शेवंताला सांगा," ती म्हणाली, "मैं चूकी नहीं थी. मी तिला पकडलं असतं, तर लोक आत घुसले असते. तिच्यावर नाही, आमच्यावर. मला दिसत होते ते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेवंताला बाजूला घेऊन निरोप सांगितला. शेवंताने खालचा ओठ पुढे काढला. "मले माहीत हाये ती चुकली नाही. म्हनून तं राग येतो. मले सांगायचं व्हतं ना तिनं. मी आपून होऊन बाहेर गेली असती."

"हे तू तिला सांगितलंस?"

"मामा जाऊ देत नाही."

चार-पाच महिन्यांचं सगळं वच्छलाबाईंच्या डोक्यात एकदम उसळलं. सभापती, संयोजक, नियम, अहवाल, सह्या. "मग मला काय सांगतेस?" त्या ओरडल्या. "मी काय तुमची टपालवाली आहे? ती इकडून निरोप देते, तू तिकडून! तोंडं आहेत ना देवाने दिलेली? जाऊन तिलाच सांग!"

व्हरांड्यातल्या मुली थबकल्या.  शेवंताने खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली. "चला तं मंग," ती म्हणाली. "तुम्ही बी चला."

शाळा सुटल्यावर दोघी निघाल्या. मामाचं घर वाटेत होतं. शेवंता त्या गल्लीत शिरली नाही, सरळ पुढे चालत गेली. कय्युमभाईंच्या ओट्याशी पोचल्यावर तिने बाईंनी हाक मारायचीही वाट पाहिली नाही. "कुलसुम! बाहेर ये! तुह्याशी भांडायचं हाये मले!"

कुलसुम बाहेर आली. पहिल्या वाक्यापासूनच दोघींचे आवाज चढले. एक म्हणाली, तू मला विचारलं नाहीस. दुसरी म्हणाली, पळता पळता विचारतात का? एक म्हणाली, तू मला भित्री समजलीस. दुसरी म्हणाली, तुला लोकांच्या हातातल्या चपला दिसल्या का? मला दिसल्या! आजूबाजूच्या बाया दारात आल्या. कय्युमभाईंनी पिंजण थांबवलं.

"कशावरून भांडतायत?" त्यांनी बाईंना विचारलं.

"खो-खोवरून," बाई म्हणाल्या, आणि ओट्याच्या कडेला बसल्या. पाय दुखत होते. पोरी एकमेकींचं काही ऐकून घ्यायला तयार नव्हत्या. शेवंता हातवारे करून ती हुलकावणी पुन्हा करून दाखवत होती, कुलसुम मान हलवून म्हणत होती, असं नव्हतंच, तू आधी खांदा टाकलास.

 बाईंनी पिशवीतून कागद काढला.

"आज नाही," कय्युमभाई म्हणाले.

"मग केव्हा?"

"बघू."

हा शब्द बाईंनी दसऱ्यापासून इतक्या लोकांच्या तोंडून ऐकला होता, की त्यांना आता त्याच्यावर ओरडायचीही ताकद नव्हती. त्यांनी कागद परत पिशवीत ठेवला. "मी उद्या येते," त्या म्हणाल्या.

"या," कय्युमभाई म्हणाले, आणि भांडणाऱ्या पोरींना जरा बाजूला व्हायला सांगून त्यांनी पुन्हा पिंजण हातात घेतलं.